गरिबांच्या लोण्याचा रसायनशास्त्रज्ञ

दक्षिण फ्रान्समध्ये द्युरांस नदीच्या खोऱ्यात ल्यूर्स नावाचे टेकडीवरचे एक लहानसे खेडे आहे. ५ ऑगस्ट १९५२ च्या सकाळी या खेड्याखालून जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला एक हिलमन मोटार उभी होती आणि तिच्या आसपास एका इंग्रज कुटुंबातील तिघांचे मृतदेह पडले होते. पती आणि पत्नी यांना गोळ्या घातलेल्या होत्या. दहा वर्षांच्या मुलीचे डोके बंदुकीच्या दस्त्याने फोडलेले होते. रात्र मोकळ्या आकाशाखाली काढावी म्हणून हे कुटुंब तेथे थांबले होते. जवळच्या मळ्याचा वृद्ध मालक गास्तों दोमिनिची याच्यावर खटला चालला आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये त्याला देहांताची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेत बदलली गेली आणि १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी त्याची सुटका केली. त्याने दिलेला आणि मग फिरवलेला कबुलीजबाब, कुटुंबातील माणसांनी एकमेकांवर ढकललेले आरोप, कधीच नीट न उलगडलेला हेतू यांमुळे फ्रान्समध्ये या प्रकरणाचे कुतूहल अद्याप शमलेले नाही. ख्यातनाम कादंबरीकार ज्यां जिओनो यांनी खटल्याला बसून त्यावर लिहिले. ऑर्सन वेल्स यांनी त्यावर माहितीपट करायला घेतला, पण तो अपुरा राहिला. १९७३ साली आलेल्या चित्रपटात ज्यां गाबँ यांनी वृद्ध दोमिनिची रंगवला.

या प्रसिद्धीचा एक परिणाम असा झाला की, मारला गेलेला गृहस्थ कोण होता हा प्रश्न मागे पडला. कोणी त्याला ब्रिटिश गुप्तहेर ठरवून मोकळे झाले, तरी त्याला भक्कम पुरावा कधी मिळाला नाही. प्रत्यक्षात सर जॅक सेसिल ड्रमंड हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या अन्न खात्याचे वैज्ञानिक सल्लागार होते. आपल्याकडे शाळकरी मुले अ, ब, क, ड अशी जीवनसत्त्वे पाठ म्हणतात, त्या अक्षरमालेचे जनकत्व बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. परंतु त्यांच्या आयुष्याचा सलग धागा शोधायचा झाल्यास तो सापडतो एका अगदी साध्या पदार्थात. तो पदार्थ म्हणजे मार्गारिन, लोणी न परवडणाऱ्यांचे लोणी.

ड्रमंड यांचा जन्म १८९१ चा. त्यांचे वडील सैन्यात अधिकारी होते, पण मुलगा तान्हा असतानाच ते वारले आणि जॅकचे संगोपन आत्याने केले. लंडनच्या ईस्ट लंडन कॉलेजातून १९१२ मध्ये रसायनशास्त्राची पदवी प्रथम वर्गात मिळवून ते किंग्ज कॉलेजात संशोधन साहाय्यक झाले. तेथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. डी. हॅलिबर्टन यांच्याशी त्यांचा संबंध आला. १९१४ मध्ये ते कर्करोग रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत गेले आणि तेथे त्यांची गाठ कॅसिमिर फुंक यांच्याशी पडली. अन्नातील काही सूक्ष्म द्रव्यांच्या अभावामुळे रोग होतात, हे मत फुंक यांनी दोन वर्षांपूर्वीच मांडले होते आणि या द्रव्यांना ‘व्हायटामाइन’ असे नाव दिले होते. ही सारी द्रव्ये अमाइन वर्गातील असावीत असा त्यांचा कयास होता. तो पुढे चुकीचा ठरला, पण नाव टिकले.

पहिले महायुद्ध सुरू झाले, समुद्रमार्गे येणारे अन्न आटले आणि ब्रिटनमध्ये लोणी महाग झाले. मार्गारिन हा पदार्थ तसा फ्रेंच. इपोलित मेज-मूरिएस या रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये गाईची चरबी आणि दूध यांपासून तो प्रथम तयार केला. पुढे युर्गेन्स आणि व्हान डेन बर्ग या डच घराण्यांनी त्याचा मोठा उद्योग उभारला. गाईची चरबी अपुरी पडू लागली तेव्हा कारखानदार नारळ, पाम, भुईमूग यांच्या तेलांकडे वळले. द्रव तेलातून हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याची क्रिया विसाव्या शतकाच्या आरंभी हाती आल्यावर तर व्हेलचे तेलही चालू लागले. चव, रंग, घट्टपणा या बाबतींत कारखान्याचा माल दिवसेंदिवस लोण्याच्या जवळ येत चालला. तो लोण्याइतका पोषक आहे काय, हे विचारण्याचे साधन मात्र तोवर कोणापाशी नव्हते.

१९१७ साली हॅलिबर्टन यांनी ड्रमंड यांना नेमक्या याच प्रश्नासाठी बोलावून घेतले. दोघांनी उंदरांच्या पिल्लांना निरनिराळी मार्गारिने खाऊ घातली आणि त्यांच्या वाढीची नोंद ठेवली. गाईच्या चरबीपासून केलेल्या मार्गारिनवर पिल्ले लोण्याप्रमाणेच वाढली. वनस्पती तेलांच्या मार्गारिनवर आणि डुकराच्या चरबीवर त्यांची वाढ खुंटली. म्हणजे दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या, एकाच नावाच्या आणि जवळपास एकाच रंगाच्या दोन वड्यांपैकी एकीत वाढीला आवश्यक असे काही होते आणि दुसरीत ते नव्हते. ज्या वडीत ते नव्हते, तीच बहुधा स्वस्त होती. तेल घट्ट करण्याच्या क्रियेत तेलातील उरलेसुरले जीवनसत्त्वही नष्ट होते, असेही ड्रमंड यांच्या नंतरच्या प्रयोगांत दिसून आले.

उंदरांच्या पिंजऱ्यात जे घडले, तेच त्या सुमारास डेन्मार्कमध्ये माणसांच्या मुलांबाबत घडत होते. डेन्मार्क हा लोण्याचा देश, पण ते लोणी निर्यातीसाठी असे आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक ब्रिटनच होते. गरीब डॅनिश घरांत साय काढलेले दूध आणि वनस्पती तेलांचे मार्गारिन यांवर मुले वाढत. अशा मुलांमध्ये डोळ्यांचे बुबुळ कोरडे पडून अंधत्व येण्याचे प्रकार वाढत असल्याचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांनी नोंदवले. १९१७ च्या अखेरीस युद्धामुळे तेथे लोण्याचे शिधावाटप सुरू झाले. देशातले लोणी गरिबाच्या घरी पोहोचले आणि हा रोग पाहता पाहता ओसरला. निर्यात पूर्ववत झाल्यावर तो पुन्हा दिसू लागला. एखाद्या प्रयोगशाळेला मुद्दाम आखता येणार नाही इतका हा स्पष्ट प्रयोग व्यापारानेच करून दाखवला होता.

१९१९ मध्ये ड्रमंड लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. त्या वेळी या द्रव्यांच्या नावांचा गोंधळ माजला होता. अमेरिकेत मॅकॉलम स्निग्धांत विरघळणारा अ घटक आणि पाण्यात विरघळणारा ब घटक असे म्हणत. स्कर्व्ही टाळणाऱ्या द्रव्याला आणखी निराळे नाव होते आणि फुंक यांचे ‘व्हायटामाइन’ होतेच. ड्रमंड यांनी १९२० मध्ये एका लहानशा लेखात सुचवले की, फुंक यांच्या शब्दातील शेवटचे ‘ई’ हे अक्षर गाळावे, म्हणजे अमाइनचा आग्रह उरणार नाही, आणि या द्रव्यांना सरळ व्हिटॅमिन अ, ब, क अशी नावे द्यावीत. ही सूचना सर्वांनी स्वीकारली. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते युनिव्हर्सिटी कॉलेजचे जीवरसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

पुढली पंधरा-सोळा वर्षे अध्यापन आणि प्रयोग यांत गेली. सिल्व्हेस्टर झिल्व्हा यांच्यासमवेत त्यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा अभ्यास केला. हे तेल अ आणि ड या दोन्ही जीवनसत्त्वांचा मोठा साठा आहे, हे त्या काळात निश्चित होत गेले. मार्गारिनमधील उणीव भरून काढण्याची किल्ली याच तेलात होती. थोडे यकृततेल किंवा त्यातून काढलेला अर्क मिसळला की, कारखान्याचे मार्गारिन लोण्याच्या तोडीचे करता येणार होते. सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनीही मार्गारिनमधील हीच उणीव दाखवून दिली होती. १९२६ च्या सुमारास जीवनसत्त्वे घातलेले मार्गारिन ब्रिटिश बाजारात येऊ लागले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मूळ येथे आहे. हे मिश्रण कारखानदारांनी आपणहून केले होते. त्यांच्यावर कायद्याची सक्ती नव्हती. विज्ञानाने उणीव दाखवली, उद्योगाने ती भरून काढली, मग सरकारने मध्ये पडावेच कशाला, असे कोणी म्हटले असते तर ते वरकरणी खोटे ठरले नसते. पण जीवनसत्त्वे घालणे हा कंपनीच्या दृष्टीने जाहिरातीचा विषय होता, आणि ज्याची जाहिरात करायची ते सगळ्याच मालात घालून कसे चालेल? उणीव खरी होती ती स्वस्त मालात, तो खाणाऱ्या माणसापाशी. आणि कोणत्या मालात काय मिसळायचे, किती मिसळायचे, हा हिशेब ज्याच्या त्याच्या मर्जीवर होता. १९३६ मध्ये जॉन बॉइड ऑर यांनी ब्रिटनमधील अन्न, आरोग्य आणि उत्पन्न यांचा संबंध दाखवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. देशातील निम्म्या लोकसंख्येचा आहार उत्तम आरोग्यासाठी अपुरा असल्याचे त्यांनी त्यात मांडले. उत्पन्न वाढते तसे घरात लोणी येते, हेही त्यांच्या आकड्यांतून दिसत होते.

ड्रमंड यांची दृष्टी याच काळात प्रयोगशाळेबाहेर वळली. खाण्यापिण्यात ते स्वतः रसिक होते आणि इंग्रज माणूस पाच शतके काय खात आला याचे त्यांना कुतूहल होते. ॲन विल्ब्रॅहॅम यांच्या साहाय्याने त्यांनी या विषयावर ‘द इंग्लिशमन्स फूड’ हा ग्रंथ लिहिला. तो १९३९ मध्ये प्रकाशित झाला आणि आजही अभ्यासक तो वाचतात. भाकरीत तुरटी मिसळणारे बेकर, दुधात पाणी घालणारे गवळी, खलाशांचा स्कर्व्ही, गिरणीतल्या मजुराचा चहा-पाव अशी सारी मंडळी त्यात भेटतात. अन्नात भेसळ करणाऱ्याला लाज वाटून भेसळ थांबली, असे पाचशे वर्षांत क्वचितच घडले, हे लेखकाला पुरते ठाऊक होते. याच सुमारास त्यांचे पहिले लग्न मोडले. जून १९४० मध्ये त्यांनी ॲन यांच्याशी विवाह केला आणि १९४२ मध्ये एलिझाबेथचा जन्म झाला.

युद्ध पुन्हा आले. ड्रमंड प्रथम अन्न खात्यात गेले ते विषारी वायूने अन्न दूषित झाल्यास काय करावे याचा सल्ला देण्यासाठी. तो प्रसंग सुदैवाने आला नाही. फेब्रुवारी १९४० मध्ये ते खात्याचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि एप्रिलमध्ये लॉर्ड वुल्टन अन्नमंत्री म्हणून आले. वुल्टन हे मोठ्या दुकानांच्या व्यवसायातून आलेले, माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचतो हे जाणणारे. दोघांचे जमले. शिधावाटप म्हणजे तुटवड्याची वाटणी, अशी खात्यातील अनेकांची समजूत होती. ड्रमंड यांनी ते उलट बाजूने पाहिले. सारे अन्न सरकारच्या हातून जाणार असेल, तर गेल्या तीस वर्षांत प्रयोगशाळेला जे कळले, ते प्रत्येक घरात पोहोचवण्याची अशी संधी पुन्हा मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना दूध, संत्र्याचा रस आणि यकृततेल, शाळांतून जेवण, जास्त कोंडा राखलेल्या पिठाचा पाव, आणि मार्गारिनमध्ये अ व ड जीवनसत्त्वे सक्तीने मिसळणे, असे उपाय या विचारातून निघाले.

जानेवारी १९४० मध्ये लोण्याचे आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात मार्गारिनचे शिधावाटप सुरू झाले. साधारणपणे माणशी आठवड्याला दोन औंस लोणी आणि चार औंस मार्गारिन, म्हणजे सुमारे सत्तावन्न आणि एकशे तेरा ग्रॅम, असे प्रमाण होते; ते मध्ये मध्ये बदलत असे. याचा अर्थ असा की, कारखानदाराच्या घरी आणि त्याच्या कामगाराच्या घरी आता सारखेच मार्गारिन जाऊ लागले. कारखाने एकत्र जोडून चालवले गेले आणि नामांकित छाप बाजारातून नाहीसे झाले. स्टॉर्क या प्रसिद्ध मार्गारिनचा तर असा विनोद झाला की, दुकानात ते मिळत नसे, पण त्याच्या नावाने गृहिणींना पाककृती पुरवणे कंपनीने चालू ठेवले, न जाणो, युद्धानंतर कोणी विसरायला नको! नाव गेले, पण वडीत काय असावे हे ठरले. अ जीवनसत्त्व उन्हाळ्यातील चांगल्या लोण्याइतके आणि ड जीवनसत्त्व त्याहून अधिक. सूर्य क्वचित दिसणाऱ्या त्या देशात मुडदूस हा गिरणगावांतील मुलांचा जुना सोबती होता, म्हणून ड जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष दिले गेले.

या सर्व उपायांमध्ये पाव आणि मार्गारिन यांची तुलना बोधक वाटते. कोंडायुक्त पाव सर्वांच्या डोळ्यांना दिसत होता. तो करडा होता, जड होता, आणि इंग्रजांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. वैज्ञानिकांनी कितीही समजावले तरी पांढऱ्या पावाची ओढ गेली नाही. गिरणीमालकांनीही पांढरे पीठ दळून त्यात काढलेली सत्त्वे पुन्हा घालू, असा आग्रह धरला. १९५३ पासून असे पीठ मिळू लागले आणि १९५६ मध्ये युद्धकालीन पाव इतिहासजमा झाला. मार्गारिनबद्दल मात्र कोणी तक्रार केली नाही, कारण त्यात काही बदलले आहे हे जिभेला कळतच नव्हते. मिसळलेली जीवनसत्त्वे रंगात दिसत नव्हती की चवीत लागत नव्हती. उपाय यशस्वी होण्याचे ते एक कारण होते. पण जे दिसत नाही, ते काढून घेतले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

युद्धकाळात ब्रिटनमधील बालमृत्यूंचे प्रमाण आरंभी वाढून नंतर युद्धपूर्व पातळीच्याही खाली गेले आणि मुडदुसाचे रुग्ण विरळ झाले. यातील किती श्रेय मार्गारिनला, किती दुधाला, किती संपलेल्या बेकारीला, हे वेगळे काढता येत नाही आणि ते सारे ड्रमंड यांच्या एकट्याच्या पदरी टाकणेही बरोबर नाही. वुल्टन होते, ऑर होते, मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्सन जेमसन होते. १९४७ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याचा लास्कर पुरस्कार ब्रिटनच्या अन्न आणि आरोग्य खात्यांना मिळाला, तेव्हा या चौघांचा एकत्र उल्लेख झाला. त्याआधी १९४४ मध्ये ड्रमंड यांना ‘सर’ हा किताब आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले होते. १९४५ च्या वसंतात ते दोस्त सैन्यासोबत हॉलंडमध्ये गेले. त्या हिवाळ्यात तेथे सुमारे वीस हजार माणसे भुकेने मेली होती. मरणाच्या दारातील माणसाला काय आणि कसे भरवावे, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

युद्ध संपल्यावर ड्रमंड विद्यापीठात परतले नाहीत. नॉटिंगहॅमच्या बूट्स या औषध कंपनीत ते संशोधन संचालक झाले. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. आयुष्यभर सार्वजनिक अन्नाचा विचार करणारा माणूस व्यापारी गोटात गेला, असे त्यांना वाटले. पण ड्रमंड यांना उद्योगाचे वावडे कधीच नव्हते. मार्गारिनमध्ये जीवनसत्त्व घालण्याचे तंत्र कारखान्यातच विकसित झाले होते, सरकारी कचेरीत नव्हे, हे त्यांना माहीत होते. त्यांनी अन्न खात्यात जे केले ते एवढेच की, कारखान्याला जे करता येत होते, ते त्याने सर्वांसाठी केलेच पाहिजे असे ठरवले.

ऑगस्ट १९५२ मधील ती सहल कौटुंबिक होती. त्यांचे जुने विद्यार्थी आणि पुढे नामवंत झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ गाय मॅरियन यांच्या कुटुंबासमवेत ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सुट्टी घालवत होते. तेथून ते दिन्य गावचा उत्सव पाहायला एलिझाबेथला घेऊन गेले, आणि परतताना रात्र रस्त्यालगत काढावी असे ठरवले. पुढचे सुरुवातीस सांगितलेच आहे. तिघांनाही फोर्काल्किए गावच्या दफनभूमीत पुरण्यात आले.

त्यांच्या पश्चात मार्गारिनचे काय झाले? १९५४ मध्ये ब्रिटनमधील शिधावाटप संपले, स्टॉर्क आणि इतर छाप दुकानांत परतले, पण जीवनसत्त्वांची सक्ती राहिली. १९६७ च्या नियमांनी दर औंसाला अ जीवनसत्त्वाची ७६० ते ९४० आणि ड जीवनसत्त्वाची ८० ते १०० आंतरराष्ट्रीय एकके असावीत, असे प्रमाण घालून दिले. त्यात किमान मर्यादा होती तशी कमालही होती, आणि त्यामागे कटू अनुभव होता. पन्नासच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये काही तान्ह्या मुलांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक पातळीवर चढल्याचे आढळू लागले. दुधाची भुकटी, बालान्न, यकृततेल या प्रत्येकात ड जीवनसत्त्व मिसळलेले होते. प्रत्येकाचे प्रमाण आपापल्या जागी ठीक, पण एकाच मुलाच्या पोटात साऱ्यांची बेरीज होत होती आणि ती कोणीच केली नव्हती. १९५७ मध्ये ही प्रमाणे खाली आणली गेली. प्रत्येक उत्पादकाने आपापले नीट पाहिले म्हणजे एकूण नीट होते, हा समज येथेही फसला. फक्त या वेळी चूक कमी घालण्याची नसून जास्त घालण्याची होती. अर्थात या प्रकरणात सरकारने पुरवलेले यकृततेलही होते, तेव्हा सारा दोष कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही.

त्यानंतर जे घडले ते हळूहळू आणि गाजावाजा न होता घडले. कायदा मार्गारिनसाठी होता, आणि मार्गारिन म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेला पदार्थ. लोक हृदयविकाराच्या धास्तीने कमी स्निग्धांशाचे, पावावर सहज पसरणारे पदार्थ घेऊ लागले. साठ टक्के, चाळीस टक्के अशी त्यांची श्रेणी लागली. कायद्याच्या व्याख्येत ते मार्गारिन नव्हतेच, म्हणून त्यांना सक्ती लागू नव्हती. त्यांत जीवनसत्त्वे घातली गेली ती उत्पादकांच्या खुशीने. बहुतेकांनी ती मार्गारिनच्याच प्रमाणात घातली, हे नमूद केले पाहिजे. उद्योगाने स्वतःला घालून घेतलेला नियम काही वर्षे बऱ्यापैकी पाळला गेला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रिटनने उरलेली सक्तीही काढून टाकली, तेव्हा ती लागू पडावी असा माल दुकानांत फारसा उरलेला नव्हता. डेन्मार्कने मार्गारिनमध्ये ड जीवनसत्त्व घालणे १९८५ मध्येच थांबवले होते. ड्रमंड यांच्या काळी प्रत्येक वडीविषयी आधीच ठाऊक असलेली गोष्ट आता डब्यामागची बारीक अक्षरे वाचून पाहावी लागते.

आपल्याकडील मार्गारिनचा भाऊबंद म्हणजे वनस्पती तूप. लीव्हर कंपनीचा वनस्पतीचा कारखाना तिशीच्या दशकात मुंबईत शिवडीला उभा राहिला आणि ताडाचे झाड असलेला डालड्याचा पिवळा डबा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. डबा रिकामा झाल्यावर त्यात डाळ-तांदूळ ठेवायचे किंवा तुळस लावायची, हे मागल्या पिढीला सांगायला नको. तुपाच्या जागी आलेल्या या पदार्थात तुपातले अ जीवनसत्त्व नव्हते. १९५३ मध्ये, म्हणजे ड्रमंड यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, भारत सरकारने वनस्पतीत दर ग्रॅमला पंचवीस एकके अ जीवनसत्त्व मिसळणे बंधनकारक केले. तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालण्याचीही सक्ती होती. तिळाच्या तेलाने रासायनिक चाचणीत लाल रंग उमटतो आणि भेसळ उघडी पडते. एकाच डब्यात पोषणासाठी एक आणि चोरी पकडण्यासाठी दुसरा, असे दोन न दिसणारे पदार्थ कायद्याने घातले होते.

वनस्पतीची जागा पुढे रिफाइंड तेलाने घेतली आणि पुन्हा तोच प्रश्न निराळ्या डब्यात आला. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये खाद्यतेलासाठी प्रमाण जाहीर केले. त्यानुसार दर ग्रॅम तेलात अ जीवनसत्त्व ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम असावे आणि अशा पाकिटावर अधिक चिन्हासह ‘एफ’ अक्षराची खूण असावी, असे ठरले. तेलात ही जीवनसत्त्वे घालायची की नाही, हे त्या नियमांनी उत्पादकाच्या इच्छेवर ठेवले. घातली, तर प्रमाण पाळायचे. किराणा दुकानात पत्र्याच्या डब्यातून मापाने काढून दिल्या जाणाऱ्या सुट्या तेलावर मात्र ती खूण छापायला जागाच नसते.